कायद्यातली बंदूक

उर्दू माध्यमाच्या शाळेत पहिलीत आलेल्या मुलाच्या हाती आम्ही सर्वांत आधी कायदा देतो. हा कायदा कोर्टकचेरीतला नव्हे. अक्षरओळखीच्या पहिल्या पुस्तकाला आमच्याकडे कायदा म्हणतात. अरबीत या शब्दाचा अर्थ पाया असा आहे. अलिफचा अनार, बेची बकरी, जीमचे जहाज, असे करत करत मूल आपल्या भाषेचा पाया भरते. पुढे आयुष्यात शेकडो पुस्तके वाचली जातात आणि विसरलीही जातात, पण अलिफसमोरचे ते लाल अनार मरेपर्यंत डोळ्यांसमोरून हलत नाही.

आपल्याकडे समीक्षा होते ती कथेची, कवितेची, कादंबरीची. पाठ्यपुस्तकाकडे साहित्य म्हणून कोणी पाहत नाही. वास्तविक इतक्या वेळा, इतक्या मोठ्याने आणि इतक्या विश्वासाने वाचले जाणारे दुसरे पुस्तक नाही. कादंबरीच्या लेखकाशी वाचक भांडू शकतो, पहिलीतले मूल कायद्याशी भांडू शकत नाही. त्यात लिहिले आहे, म्हणून ते खरे आहे, एवढेच त्याला ठाऊक असते. म्हणूनच या लेखात आम्ही काही पाठ्यपुस्तकांची समीक्षा करणार आहोत. ती आमच्या शाळेतली नाहीत. ती अफगाण मुलांसाठी दरी आणि पश्तो भाषांत लिहिली गेली, पेशावरमार्गे निर्वासितांच्या छावण्यांत आणि अफगाणिस्तानच्या खेड्यांत पोहोचली आणि त्यांचा खर्च अमेरिकेच्या सरकारी तिजोरीतून झाला. अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर बोलताना आपण तेल, बॉम्ब आणि सीआयए यांच्याविषयी बोलतो. आमच्या मते हे धोरण समजून घ्यायचे तर ही पाठ्यपुस्तके वाचावीत. बॉम्बचा आवाज विरून जातो. वर्गात शिकवलेले तसे विरत नाही.

पुस्तकामागचा पैसा

एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिका त्यानंतर मदतीला धावली अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी बंडखोरांना गुप्त मदत देण्याच्या आदेशावर ३ जुलै १९७९ रोजीच, म्हणजे सोव्हिएत फौजा येण्याच्या सुमारे सहा महिने आधी, सही केली होती. ही मदत सुरुवातीला किरकोळ आणि बिनशस्त्र होती. रेगन यांच्या काळात तिचा पूर झाला. अमेरिका जेवढे डॉलर देईल तेवढेच सौदी अरेबियाने घालायचे आणि पाकिस्तानच्या आयएसआयने ते सात अफगाण पक्षांत वाटायचे, अशी व्यवस्था होती. सर्वांत मोठा वाटा गुलबुद्दीन हिकमतयार यांच्या पक्षाकडे गेला. १९८६ पासून विमाने पाडणारी स्टिंगर क्षेपणास्त्रेही आली. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची जी गत झाली ती अफगाणिस्तानात रशियाची व्हावी, हा हेतू होता. अफगाण माणसाचे पुढे काय, हा प्रश्न त्या हिशेबात कुठे नव्हता.

याच काळात नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा येथील विद्यापीठाला एक काम मिळाले. मक्याच्या शेतांच्या या मुलखातल्या विद्यापीठात अफगाणिस्तानच्या अभ्यासाचे केंद्र होते. त्याचे प्रमुख थॉमस गुटियर हे तरुणपणी पीस कॉर्प्सचे स्वयंसेवक म्हणून काबूलमध्ये राहिलेले, अफगाणांविषयी आत्मीयता असलेले गृहस्थ. अमेरिकन सरकारच्या परदेशी मदत पाहणाऱ्या संस्थेने, म्हणजे यूएसएडने, १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत या विद्यापीठाच्या अफगाण शिक्षण कार्यक्रमांवर ५ कोटी १० लाख डॉलर खर्च केले. पेशावरमध्ये केंद्र उघडले गेले. तिथे मुजाहिदीनांच्या पक्षांशी जोडलेल्या अफगाण शिक्षकांनी पुस्तके लिहिली, विद्यापीठाने त्यांना मदत केली, छपाई झाली आणि लाखो प्रती वाटल्या गेल्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. १९६० च्या दशकात याच यूएसएडच्या पैशातून कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातले तज्ज्ञ काबूलमध्ये अफगाण शालेय पुस्तके तयार करण्यास मदत करत होते. म्हणजे मुलांचे पुस्तक कसे असावे हे अमेरिकेला ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही. ठाऊक असलेले बाजूला ठेवले गेले.

पानांचे वाचन

आता पाने उलगडू. २३ मार्च २००२ च्या 'वॉशिंग्टन पोस्ट'ने या पुस्तकांची हकिकत छापली आणि ती जगाला कळली. त्यानंतर अनेक अभ्यासकांनी पानांची वर्णने प्रसिद्ध केली. अंकओळखीच्या पानांवर रणगाडे, क्षेपणास्त्रे आणि भूसुरुंग आहेत. आपल्या मुलांनी आंबे आणि चेंडू मोजले, त्या मुलांनी ही चित्रे मोजली. अक्षरओळखीत जीम या अक्षरासमोर जिहाद आला. चौथीच्या गणितात एक शाब्दिक उदाहरण आहे. त्यात कलाश्निकोव्हच्या गोळीचा सेकंदाचा वेग दिला आहे, मुजाहिद आणि रशियन सैनिक यांच्यातले अंतर दिले आहे आणि गोळी सैनिकाच्या कपाळात किती सेकंदांनी शिरेल असे विचारले आहे.

गणित शिकवणारा माणूस म्हणून आम्हाला एक कबुली द्यावी लागते. हे उदाहरण रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहे. वेग, वेळ आणि अंतर यांचे गणित असेच घालतात. दोन राशी द्यायच्या, तिसरी विचारायची. बी.एड.ला आम्हाला शिकवले की अध्यापन ज्ञाताकडून अज्ञाताकडे आणि मूर्ताकडून अमूर्ताकडे जावे. छावणीतल्या मुलाला बंदूक ज्ञात होती, भागाकार अज्ञात होता. अध्यापनाचे सूत्र तंतोतंत पाळले गेले आहे. भीती वाटते ती याचीच. वाईट शिक्षकाने वाईट पुस्तक लिहिले असते तर ते टिकले नसते. हे पुस्तक जाणकारांनी लिहिले, म्हणून ते टिकले.

पण एक फरक आहे. आमच्या गणितात आगगाडी पुलावरून जाते, उत्तर येते आणि गाडी पुढे निघून जाते. मुलाच्या मनात उरते ती फक्त रीत. इथे उत्तर आले की एक माणूस मेलेला असतो. उत्तर बरोबर आल्याचा आनंद आणि माणूस मेल्याचा आनंद नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात एकाच क्षणी, एकाच शाबासकीने उतरतो. हे दोन आनंद पुढे वेगळे कोण करणार?

आणखी एका पानाचे वर्णन आहे. खांद्यावर कलाश्निकोव्ह आणि अंगावर काडतुसांचा पट्टा असलेला एक लढवय्या. त्याच्या वर कुरआनची आयत आणि खाली मुजाहिदीनांची स्तुती. त्या चित्रातल्या लढवय्याला डोके नाही. हे डोके कुठे गेले, त्याकडे आपण पुढे येऊ. तूर्त एवढेच पाहू की आयत वर आहे, बंदूक मध्ये आहे आणि या पानाचे पैसे ज्या सरकारने दिले त्याच्या राज्यघटनेत शासनाने कोणत्याही धर्माची स्थापना करू नये असे कलम आहे. आपल्या शाळांत जे करायला मनाई, ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी चालते. परराष्ट्र धोरणातला 'परराष्ट्र' हा शब्द इथे आपला खरा अर्थ सांगतो.

बचावाची बाजू

समीक्षकाने बचावाची बाजूही मांडली पाहिजे. पहिला बचाव असा की मजकूर अफगाणांनीच लिहिला, अमेरिकेने फक्त पैसे आणि छपाई दिली. हे बऱ्याच अंशी खरे आहे. दुसरा बचाव असा की काबूलच्या कम्युनिस्ट राजवटीनेही पाठ्यपुस्तके आपल्या विचारांच्या रंगात रंगवली होती. हेही खरे आहे. तिसरा बचाव सर्वांत वजनदार. ज्या मुलाचा बाप सोव्हिएत हेलिकॉप्टरने मारला, ज्याचे गाव जळाले, जो डोंगर ओलांडून पेशावरला आला, त्याला आंबे आणि चेंडू मोजायला लावणे ही थट्टा नाही का? पाकिस्तानातच तीस लाखांवर अफगाण निर्वासित होते. त्यांच्या मुलांना जिहाद आणि बंदूक पुस्तकाने शिकवली नाही, आयुष्याने शिकवली.

या बचावापुढे आम्ही बराच वेळ थांबलो. त्या छावणीत आम्ही शिक्षक असतो, समोर साठ मुले असती आणि हाती दुसरे पुस्तक नसते, तर आम्ही हे शिकवले नसते काय? प्रामाणिक उत्तर असे की शिकवले असते. कदाचित अभिमानाने शिकवले असते. म्हणून त्या अफगाण शिक्षकांना दोष देताना आमची जीभ अडखळते.

तरीही बचाव पुरा पडत नाही. जखमी मुलाला त्याची जखम ठाऊक असते, हे खरे. परंतु शाळा त्याला जखमेपलीकडचे काही दाखवण्यासाठी असते. त्याच्या दुःखाला शब्द देणे वेगळे आणि त्या दुःखाला नेम धरायला शिकवणे वेगळे. शिवाय युद्धाला एक दिवस शेवट असतो, पाठ्यपुस्तकाला नसतो. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी शेवटचा सोव्हिएत सेनापती आमूदर्यावरचा पूल ओलांडून गेला. गणितातला रशियन सैनिक मात्र तिथेच, तेवढ्याच अंतरावर उभा राहिला. १९९२ मध्ये नजीबुल्ला यांची सत्ता कोसळली आणि मुजाहिदीनांचे पक्ष काबूलसाठी एकमेकांवर तुटून पडले. त्या नळीसमोर आता अफगाणच होता. रशियनाच्या जागी कोणालाही ठेवले तरी उदाहरण सुटते, हे कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

दोन संपादने

या पुस्तकांचे पुढे दोनदा संपादन झाले आणि आमच्या मते तोच त्यांच्या इतिहासातला सर्वांत बोलका भाग आहे.

सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने काबूल घेतले. ही पुस्तके त्यांच्या शाळांतही चालली. फक्त एक अडचण होती. सजीवांची चित्रे त्यांच्या मते हराम. म्हणून त्यांनी चित्रांतले माणसांचे चेहरे खरवडून काढले. बंदूक राहिली, काडतुसे राहिली, चेहरा गेला. संपूर्ण पुस्तकात आक्षेप घेण्याजोगे काय होते, तर माणसाचा चेहरा! दुसऱ्या कोणाचे पुस्तक आपलेसे करताना माणूस काय खोडतो आणि काय ठेवतो, त्यावरून त्याची ओळख पटते.

दुसरे संपादन २००२ मध्ये झाले. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत सुमारे तीन हजार निरपराध माणसे मारली गेली, त्यानंतर अमेरिकन विमाने अफगाणिस्तानवर आली आणि तालिबानची सत्ता गेली. मार्च २००२ मध्ये शाळा उघडायच्या होत्या. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी रेडिओवरच्या भाषणात जाहीर केले की अमेरिका अफगाण मुलांना सुमारे एक कोटी पुस्तके देत आहे आणि ती धर्मांधतेऐवजी सहिष्णुता शिकवतील. जुनी धर्मांध पुस्तके कोणाच्या पैशातून निघाली होती, हे भाषणात नव्हते. वेळ थोडा होता, म्हणून जुन्याच पुस्तकांतून बंदुका आणि सुरुंग काढून ती पुन्हा छापली गेली. धार्मिक मजकूर राहिला. धर्माच्या मजकुरावर सरकारी पैसा खर्च होतो अशी ओरड अमेरिकेतच होऊ लागली, तेव्हा यूएसएडने धार्मिक पुस्तकांवरून आपले बोधचिन्ह काढून घेतले.

म्हणजे तालिबानने पुस्तकातून माणसाचा चेहरा खोडला आणि अमेरिकेने स्वतःचा. दोघांनाही बाकीचे पुस्तक चालले.

२००७ साली 'चार्ली विल्सन्स वॉर' नावाचा इंग्रजी चित्रपट आला. मुजाहिदीनांसाठी अब्जावधी डॉलर मिळवणाऱ्या अमेरिकन खासदाराची ती कहाणी आहे. शेवटी हा खासदार अफगाण शाळांसाठी दहा लाख डॉलर मागतो आणि समिती ते नाकारते. युद्धाला अब्जावधी दिले, शाळेला दिले नाहीत, म्हणून पुढचे सारे बिघडले, असा चित्रपटाचा सूर आहे. प्रेक्षक हळहळत बाहेर पडतो. पण अमेरिकेने अफगाण शिक्षणाला काहीच दिले नाही हे खरे नाही. ५ कोटी १० लाख डॉलर दिले होते. चित्रपटाला आपल्या देशाचा कंजूषपणा कबूल आहे. आपले दान कबूल नाही.

जुनी पुस्तके तरीही मेली नाहीत. अभ्यासक डेना बर्ड यांनी २०१४ साली अफगाण शिक्षण आणि संघर्ष यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना नव्या तारखेची, पुन्हा छापलेली जिहादी पाठ्यपुस्तके मिळाली होती. या छपाईला आता ओमाहाची गरज नव्हती. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान पुन्हा काबूलमध्ये आले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस शेवटचा अमेरिकन सैनिक गेला. वीस वर्षांत ४० हजारांहून अधिक अफगाण नागरिक आणि २,४०० हून अधिक अमेरिकन सैनिक मेले होते. २३ मार्च २०२२ च्या सकाळी सहावीपुढच्या मुली दप्तर घेऊन शाळेत आल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवण्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाची दारेही मुलींना बंद झाली. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही संस्थाच गुंडाळली. पुस्तकांना पैसे पुरवणारी संस्था बंद पडली, पण त्यांचे वाचक मोठे होऊन राज्य करत आहेत.

आमचा हिशेब

इथपर्यंत वाचून आमचे वाचक मान डोलावतील, हे आम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेवर टीका करणारा लेख आपल्याला नेहमीच गोड लागतो. म्हणून शेवटचे चार शब्द आपल्या स्वतःविषयी.

आपल्या सभांत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते की रेगन यांनी मुजाहिदीनांना अमेरिकेच्या संस्थापकांच्या तोडीचे म्हटले. प्रत्यक्षात ती तुलना त्यांनी १९८५ मध्ये निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांविषयी केली होती. मुजाहिदीनांना १९८३ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये बसवून त्यांनी फोटो काढून घेतले, हे मात्र खरे आहे. खरे एवढे पुरेसे असताना चुकीचे कशाला सांगायचे? ज्याला दुसऱ्याच्या पुस्तकातली चूक दाखवायची आहे, त्याच्या वहीत खाडाखोड नसावी.

आणि मोठा प्रश्न असा. ती पुस्तके अमेरिकेच्या पैशाने निघाली, पण लिहिली मुसलमानांनी, वाटली मुसलमानांनी, शिकवली मुसलमानांनी. पाकिस्तानच्या जनरल झिया यांना ती चालली, सौदी राजघराण्याला तो सारा व्यवहार चालला. जिहाद या शब्दाचा धातू जहद, म्हणजे कष्ट, पराकाष्ठा. नफ्सशी झगडण्यापासून जुलमाला तोंड देण्यापर्यंत त्याचा पसारा. एवढा मोठा शब्द एका बंदुकीच्या चित्रात कोंबला गेला, तेव्हा किती आलिमांनी विचारले की हे तुम्ही काय करता आहात? शब्द परक्याने चोरला म्हणून आपण आज रडतो. त्या वेळी घराचे दार आतून उघडले गेले होते, हे सांगत नाही.

या चोरीची किंमत अफगाण मुलांनी प्राणांनी भरली. थोडी फार आमच्या मुलांनाही भरावी लागते. मागे एकदा सातवीच्या वर्गात शब्दांचे धातू शिकवत होतो. जीम, हे, दाल ही अक्षरे फळ्यावर लिहिली आणि त्यापासून होणारे शब्द मुलांना विचारले. वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने दबक्या आवाजात विचारले, "सर, ये लफ्ज बोलना मना है क्या?" बातम्यांत तो शब्द ज्या आवाजात उच्चारला जातो, तो आवाज त्या मुलाच्या कानांत होता. आपल्याच भाषेतला एक शब्द उच्चारायला त्याला परवानगी हवी होती. आम्ही 'नहीं बेटा' म्हटले, धातू समजावून दिला आणि जद्दोजहद हा शब्द लिहून दाखवला. तास संपला. त्याचे समाधान झाले असे मात्र आम्हाला वाटले नाही.

इस्लामच्या इतिहासात एक प्रसंग आहे, जो आपण मुलांना सांगतो. बद्रच्या लढाईनंतर जे कैदी खंडणी देऊ शकत नव्हते पण लिहू-वाचू जाणत होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना अक्षरे शिकवावीत आणि सुटून जावे, असे ठरले. कालपर्यंत जो तलवार घेऊन समोर उभा होता, तो आज मुलांना अक्षरे गिरवून देत होता. तिथे शत्रूच्या हातून तलवार सुटली आणि कलम आले. चौदाशे वर्षांनी पेशावरमध्ये उलट झाले. मित्र म्हणवणाऱ्यांनी कलम आणले आणि त्यातून तलवार काढून दाखवली. ज्या समाजाच्या धर्मग्रंथाचा पहिला उतरलेला शब्द 'वाच' असा आहे, त्याने तरी मुलांच्या हाती काय वाचायला दिले जाते, ते आधी स्वतः वाचायला हवे होते.

अमेरिकेला जाब विचारलाच पाहिजे. ज्या देशाने दुसऱ्याच्या मुलांच्या कायद्यात आपल्या शीतयुद्धाची गोळी ठेवली, त्याला इतिहास विसरू देता कामा नये. पण जाब विचारणाऱ्याचा आवाज तेव्हाच पोहोचतो, जेव्हा तो आपल्या घरातल्या पुस्तकांची पानेही तेवढ्याच कठोरपणे तपासतो. मदरशाचा कायदा असो, शाळेचे पुस्तक असो, की मोबाइलवर मुलांपर्यंत पोहोचणारी धर्माच्या नावाची चित्रे असोत, प्रत्येक पानावर एकच प्रश्न विचारावा. यात समोरच्या माणसाचा चेहरा शिल्लक आहे काय?

येत्या जूनमध्ये पहिलीची नवी मुले येतील. आम्ही त्यांच्या हाती कायदा देऊ. अलिफचा अनार असेल, बेची बकरी असेल, जीमचे जहाज असेल. जहाज पाण्यावर चालते आणि माणसांना एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेते, एवढेच आम्ही त्यांना सांगू. पहिलीच्या मुलाला जीमविषयी इतके कळले तरी पुरे आहे.